पापुद्र्यात मावेल तेवढं औषध

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. त्या उन्हाळ्यात मी पॉलिमर विकणाऱ्या एका भल्या माणसाला फोनवर झाडलं, प्रयोगशाळेतल्या मामांना नाही नाही ते बोलले, आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन भांडून आले. ह्यातलं प्राचार्यांशी झालेलं भांडण तेवढं मी जिंकले, आणि तेच मला नडलं.

एम. फार्म.चं दुसरं वर्ष चालू होतं. कॉलेज बीड जिल्ह्यातलंच, गावाबाहेर माळावर. आमचं घर धारूरच्या डोंगराकडं, मेंढरांचं. मेंढरांना जंताचं औषध पाजायचा दिवस असला की जबडा धरायचं काम माझ्याकडं. औषध कडूजहर. मेंढरू मान झटकायचं आणि घोटभर माझ्या तोंडावर यायचं. एकदा जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "पोटात गेलेलं तरी सगळं कुठं लागू पडतंय? हे पाण्यात नीट विरघळतच न्हाई. विरघळलं न्हाई म्हंजे रक्तात न्हाई. गेलं तसं लेंड्यांत बाहेर." मी तेव्हा दहावीत होते. एवढं कडू प्यायचं आणि तेही फुकट! मेंढरांचा कळवळा आला की औषधाचा, ते सांगता यायचं नाही, पण ते डोक्यात बसलं ते बसलंच. पुढं कळलं, तेच औषध माणसालाही पट्टकृमीवर देतात आणि माणसाच्या पोटातही त्याची तीच रड आहे. मग दुसरा विषय घ्यायचा प्रश्नच नव्हता.

औषध का विरघळत नाही, तर त्याचे कण एकमेकांना गच्च धरून खडा करून बसतात. खडीसाखरेसारखाच खडा, फक्त डोळ्याला न दिसणारा. तो मोडायची एक युक्ती म्हणजे पॉलिमर. ही एक पांढरी पूड असते, आतून लांबच लांब साखळ्यांची, पाण्यात झटकन विरघळणारी. औषध आणि पॉलिमर दोन्ही स्पिरिटमध्ये एकत्र विरघळवायचे, काचपट्टीवर थेंब पसरायचा आणि स्पिरिट उडून जाऊ द्यायचं. मागं पातळ पापुद्रा उरतो. त्यात औषधाचा कण न् कण साखळ्यांमध्ये सुटा सुटा अडकून बसलेला असतो. पोटात पॉलिमर विरघळला की औषध खड्याविनाच मोकळं होतं. पण पॉलिमरात जागा मापाची. मापापेक्षा जास्त कोंबलं की औषध बाहेर पडून पुन्हा खडे धरतं. ते माप किती? शंभर भागांत औषधाचे वीस, तीस की चाळीस? एवढंच मला काढायचं होतं. एवढंच म्हणते, पण त्या "एवढंच"पायी मी दोन महिने जेवताना ताटाकडं बघितलं नाही.

आमच्याकडं महागाची यंत्रं नव्हती. एक जुना मायक्रोस्कोप होता. मी मोडक्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची काळपट फिल्म सोलून तिचे दोन तुकडे केले, एक काचपट्टीच्या खाली, एक वर, आडवा-उभा. असं केलं की सगळं काळंकुट्ट दिसतं, आणि त्या काळ्यात औषधाचा खडा असेल तर तो एकटा चमकतो. पहिल्यांदा नुसतं औषध ठेवून बघितलं तेव्हा मी "आगं बाबौ!" म्हणून एवढ्यानं ओरडले की मामा हातातली बादली टाकून पळत आले. निळे, पिवळे, गुलाबी, नुसता झगमगाट. मामांना दाखवलं. ते डोळा लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आन हे मेंढराला पाजता व्हय तुमी?"

मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले परिचर. साठीला टेकलेले. काचसामान त्यांच्याइतकं स्वच्छ मी कुठं बघितलं नाही.

मार्चअखेर मी पहिला घाणा काढला. दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास अशा पट्ट्या केल्या. आठ दिवस टेबलावर मलमलीच्या फडक्याखाली ठेवल्या, कारण मला मार्गदर्शन करणारे आमचे सर म्हणायचे, "पापुद्रा पारदर्शक दिसला म्हणजे औषध विरघळलंच असं नाही. कधी कधी ते नुसतं दम धरून बसलेलं असतं. त्याला वेळ दे, बाहेर पडायचं असेल तर पडेल." आठव्या दिवशी बघितलं. पन्नासात झगमगाट, चाळीसात तुरळक ठिणग्या, आणि तिसाची पट्टी काळीभोर! एक खडा नाही! मी जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरत सरांकडं गेले. शंभरात तीस म्हणजे चेष्टा आहे का! सरांनी वही बघितली, चष्मा काढला आणि म्हणाले, "एकदा आलं म्हणजे आलं नाही. तीनदा आण."

आणीन की! त्यात काय!

एप्रिल उजाडला. प्रयोगशाळा सगळ्यात वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. दुपारी काचेच्या बरणीला हात लावला तर चटका बसायचा. मी सरळ प्राचार्यांकडं गेले. म्हटलं, "सर, आम्हाला शिकवायला ठेवलंय का भाजायला?" बरीच बाचाबाची झाली. तिसऱ्या दिवशी कूलर आला. लोखंडी, थोराड, तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या असलेला. मी स्वतः ढकलत नेऊन माझ्या टेबलासमोर लावला. पाण्याचं मामांनी बघितलं. डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्रातून थंड करायचं पाणी वाया जायचं, ते ड्रममध्ये धरून रोज चार बादल्या कूलरमध्ये. काय गार वाटायचं! मी तर टेबल सोडायलाच तयार नसायचे.

आणि दुसरा घाणा बिघडला. तिसाच्या पट्टीत खडे. विसाच्या पट्टीतही खडे! तिसरा घाणा काढला, तर दहाची पट्टीसुद्धा काठाकाठानं चमकायला लागली. चौथ्या वेळी वायरमननं लाइन दुरुस्तीला घेतली, आठवड्यातले चार दिवस दिवसभर वीज नव्हती, आणि तेव्हा वीसची पट्टी जवळजवळ स्वच्छ राहिली. मला काही सुधरेना. कधी तीस, कधी वीस, कधी दहासुद्धा नाही. औषध तेच, पॉलिमर तोच, मी तीच.

सरांनी विचारलं, "आर्द्रता टिपतेस का? पॉलिमर हवेतलं पाणी ओढून घेतो. साखळ्या सैल पडल्या की औषध निसटतं."

मी हसले. खरंच हसले. "सर, बीडात, मे महिन्यात आर्द्रता? ओठ फुटलेत माझे. डेसिकेटर कशाला लागतोय, अख्खा जिल्हाच डेसिकेटर हाय." डेसिकेटर म्हणजे नमुने कोरडे ठेवायचं झाकणाचं जाड काचेचं भांडं. आमच्या डेसिकेटरमध्ये कुणीतरी खडूचे डबे ठेवले होते. माझ्या वहीत "हवा" म्हणून रकाना होता. त्यात मी महिनाभराचं एकदमच "कोरडी, कोरडी, कोरडी" लिहून ठेवलं होतं. वरून खाली एका दमात.

मग दोष कुणाचा? पॉलिमरवाल्याचा. फोन लावला आणि त्याला म्हटलं, तुमच्या मालात भेसळ आहे. तो बिचारा मॅडम, मॅडम करत होता. मग मामांचा. एक दिवस ते माझ्या टेबलाशी ओलं फडकं घेऊन उभे दिसले आणि माझी तार सटकली. "तुमीच पुसता ना माझ्या पट्ट्या? कावून हात लावता? दोन महिन्यांचं मातेरं केलंत!" चार पोरांच्या देखत बोलले. मामा एवढंच म्हणाले, "टेबल पुसत व्हतो, ताई. पट्ट्यांला हात लावला न्हाई." त्या दिवसापासून ते माझ्या टेबलाकडं फिरकेनात. कूलरमध्ये पाणी तेवढं न चुकता भरायचे.

मेच्या मध्याला सरांनी बोलावलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "हे बघ, तुझ्याकडं आकडे आहेत पण उत्तर नाही. महिनाअखेर विषय पक्का करून विद्यापीठाला कळवायचाय. तोवर एकच उत्तर तीनदा आलं तर ठीक. नाहीतर आपण कडुनिंबाचं मलम घेऊ." आमच्याकडं विषय अडला की कडुनिंब, कोरफड नाहीतर तुळस. दरसाल दोघं-तिघं मलम करून पास होतात. मलमाला माझं काही म्हणणं नाही. पण मी सरांच्या खोलीबाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. माझा प्रश्न माझ्या हातातून काढून घेणार होते, आणि मला भांडायलासुद्धा तोंड नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मामांनी डबा आणला. घरी वाळवणं चालली होती, पहिल्या कुरडया तळल्या होत्या. सगळ्यांना वाटत वाटत ते माझ्या टेबलाशी आले, बशीत एक कुरडई ठेवली आणि न बोलता गेले. मीही मान वर न करता पट्ट्या बघत बसले. तासाभरानं भूक लागली म्हणून कुरडई तोंडात टाकली. चामड्यासारखी वातड! दातानं तुटेना!

झालं, माझा पारा चढला. "मामा! शिळी कुरडई देता व्हय मला? राग असला तर तोंडावर सांगा!"

मामा दारातून आले. त्यांचाही चेहरा आता लाल झाला होता. "शिळी? सकाळी तळून आनलीय माझ्या घरच्यांनी! ही घ्या, खाऊन बघा!" त्यांनी डबा उघडून माझ्यापुढं धरला. मी एक उचलली आणि चावली. कुर्रर्र! अशी वाजली की शेजारच्या टेबलावरच्या पोरींनी बघितलं.

माझ्या एका हातात डब्यातली कुरडई, दुसऱ्या हातात बशीतली. एकाच कढईतल्या. एक कुरकुरीत, एक सादळलेली. आणि मे महिन्यात बीडात कुरडई सादळत नाही हो! पावसाळ्यात सादळते, मे महिन्यात उघड्या परातीत आठ दिवस ठेवली तरी हूं की चूं करत नाही. मी कुरडईकडं बघितलं. मग बशी ठेवली होती तिकडं बघितलं. बशीच्या मागं कूलर घोंघावत होता, ताट्यांतून पाणी गळत होतं आणि तो गारेगार ओला वारा सरळ माझ्या मलमलीच्या फडक्यावर येत होता.

"मामा," मी किंचाळले, "कूलर बंद करा!"

"कावून? उकाड्यानं मरायचंय का?"

"बंद करा म्हणते ना! अहो, पट्ट्या सादळल्यात! कुरडईसारख्याच! दीड महिना मीच सादळवतेय!"

मामांना पॉलिमर कळत नव्हता, पण सादळणं कळत होतं. त्यांनी बटण बंद केलं आणि कमरेवर हात ठेवून कूलरकडं असं बघितलं, जणू त्यानंच त्यांना शिव्या दिल्या होत्या. मी त्यांच्यासमोर गेले. "मामा, माझं चुकलं. तुमी हात लावला नव्हता. मी लई वाईट बोलले." ते म्हणाले, "जाऊ द्या. आदी कुरडई संपवा, ती बी सादळंल." आणि आम्ही दोघं हसत सुटलो. मला एवढा आनंद झाला होता की माझी चूक सापडली ह्याची लाज वाटायला दुसरा दिवस उजाडावा लागला. पॉलिमरवाल्यालाही त्याच दुपारी फोन करून माफी मागितली. तो पुन्हा मॅडम, मॅडमच करत होता.

खात्री करायची होती. नव्या पट्ट्यांचे दोन संच केले. एक चालू कूलरसमोर, एक खडू बाहेर काढून रिकाम्या केलेल्या डेसिकेटरमध्ये, खाली ओल ओढणारे निळे खडे घालून. मामांनी आपल्या मनानं दोन्हीकडं एकेक कुरडईही ठेवली. म्हणाले, साक्षीदार. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज उघडायच्या आत आम्ही दोघं दारात. कूलरसमोरची कुरडई वातड आणि तिसाची पट्टी झगमगती. डेसिकेटरातली कुरडई कुरकुरीत आणि तिसाची पट्टी काळी! नखभरसुद्धा खडा नाही! मी पुन्हा तीन वेगवेगळे संच केले आणि आठ दिवस डेसिकेटरमध्ये ठेवले. पत्र्याखाली, कूलर बंद, डोक्याला ओली ओढणी बांधून बसले. तिन्ही संचांत तीस स्वच्छ, चाळीसात ठिणग्या. तीनदा! एकच उत्तर!

सरांना सगळं सांगितलं, रकान्यासकट, कोरडी-कोरडीसकट. त्यांनी वही उलटसुलट चाळली. मग म्हणाले, "कूलर कुणी मागितला होता?" मी म्हटलं, "मी." ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "हे सगळं डोळ्यानं बघितलेलं आहे. डोळ्याला न दिसणारे बारीक खडे असू शकतात. विद्यापीठात यंत्र आहे. माझ्या ओळखीनं एक सकाळ मिळतेय, तीन नमुन्यांपुरती. तिथं तीस टिकलं तर विषय तुझा. नाही टिकलं तर मी तरी काय करू?" महिना संपायला तीन दिवस होते.

पापुद्र्याचे तुकडे निळ्या खड्यांसोबत स्टीलच्या डब्यात घातले, डब्याच्या कडेला टेप गुंडाळला आणि एसटीत तो डबा पोटाशी धरून बसले. शेजारच्या आजीबाईंनी दोनदा विचारलं, "काय नेतीस गं एवढं जपून? लाडू हायत का?" म्हटलं, "न्हाई आजी, औषध हाय." त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. सर पुढच्या सीटवर पेपर वाचत होते. मध्येच मागं वळून म्हणाले, "डबा उघडू नकोस हं." मी कशाला उघडतेय!

यंत्र टेबलावर मावेल एवढंच. इवल्याशा ॲल्युमिनियमच्या वाटी-झाकणाचं आणि पापुद्र्याच्या कपच्याचं वजन रजिस्टरात लिहायचं, कपचा वाटीत ठेवायचा, झाकण दाबून बसवायचं आणि वाटी यंत्रात सोडायची. यंत्र तिला हळूहळू तापवतं. आत खडा असला तर तो वितळताना उष्णता ओढून घेतो, आणि पडद्यावर सरळ चाललेली रेघ तिथं खाली खड्डा पाडते. खडा नसला तर रेघ तशीच पुढं जाते. यंत्र चालवणाऱ्या मॅडमनी आधी नुसतं औषध लावलं. त्याच्या वितळायच्या तापमानाला रेघेनं विहिरीएवढा खड्डा पाडला. मग चाळीसचा नमुना. त्याला त्याच्या थोडं अलीकडं एक उथळ खड्डा. मग तीस.

मी खुर्चीवर बसू शकले नाही. रेघ निघाली. शंभर अंश. एकशे दहा. सर माझ्या शेजारी उभे होते आणि मी त्यांच्या शर्टाची बाही धरली होती, हे मला मागाहून कळलं. चाळीसनं जिथं खड्डा पाडला होता ती जागा आली. रेघ सरळ. औषधानं विहीर पाडली होती ती जागा आली, आणि गेली. रेघ सरळच! मी तोंडावर हात दाबला.

यंत्रावरच्या मॅडम पडद्याकडं बघत म्हणाल्या, "अहो, ह्यात काहीच नाही. वाटी रिकामीच गेली वाटतं."

कपचा नखाएवढाही नव्हता, वाटीत मीच ठेवला होता आणि वर पंखा फिरत होता. चिमट्यातून उडाला असेल तर? रिकाम्या वाटीची रेघही सरळच असते. वेळ संपली होती, दाराबाहेर दुसऱ्या विभागाची माणसं नमुने घेऊन उभी होती. सरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. ते नुसते वाट बघत होते.

"वजन करा," मी म्हणाले. "मॅडम, तेवढी वाटी पुन्हा वजनाला लावा. पाया पडते."

वाटी गार होईपर्यंत मी तराजूशी जाऊन उभी राहिले. मॅडमनी चिमट्यानं वाटी तराजूत ठेवली आणि काचेचं दार लावलं. आकडे खालीवर झाले, डगमगले, थांबले. सर वाकले. त्यांनी आकडा वाचला, रजिस्टर वाचलं, पुन्हा आकडा वाचला.

"आहे," ते म्हणाले. "औषध वाटीतच आहे. जेवढं घातलं होतं तेवढंच." त्यांनी चष्मा काढला. "आणि खडा एकही नाही. विरघळलंय, पोरी. सगळंच्या सगळं विरघळलंय."

मी तिथंच, त्या अनोळखी खोलीत, मोठ्यानं रडायला लागले. रडताना हसतही होते. मॅडम घाबरून आमच्याकडं बघायला लागल्या. म्हणाल्या, "सर, वेळ झाली. पुढचा नमुना लावू ना?"

"लावा," सर म्हणाले. "हिचं झालं."